अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर: तीस गुण कशाचे, सत्तर कशाचे

प्रश्न असा आहे: नाशिकला एस.वाय.बी.ए. करतेय, मानसशास्त्र विशेष विषय, माध्यम मराठी. अपसामान्य मानसशास्त्राच्या अंतर्गत चाचणीत पुरवण्या लावून लिहिलं, तरी वीसपैकी नऊच पडले. आता केस स्टडी जमा करायची आहे आणि पुढे सत्र परीक्षा आहे. या विषयात नेमकं काय मागतात आणि गुण कशावर देतात?

नऊ का पडले याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. उत्तरात माणूस कसा वागतो याचं वर्णन भरभरून असतं. पण किती लक्षणं, किती काळ, रोजच्या कामावर काय परिणाम, आणि तसाच दिसणारा दुसरा विकार हा का नव्हे, या चार गोष्टी राहून जातात. तपासणारे गुण नेमके तिथेच ठेवतात. नैराश्यावर तीन पानं लिहिली आणि त्यात 'दोन आठवडे' कुठेच आलं नाही, तर तो उदासीवरचा निबंध होतो. परीक्षक त्याला निबंधाइतकेच गुण देतात.

आधी गुणांची मांडणी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत १०० गुणांच्या पेपरला ३० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ७० सत्रान्त लेखी परीक्षेचे असतात. दोन्हीकडे वेगवेगळे ४० टक्के लागतात, म्हणजे ३० पैकी १२ आणि ७० पैकी २८. अंतर्गतला २७ आणि लेखीला २६ असतील तर बेरीज ५३ होते, तरी विषय राहतो. अंतर्गतच्या जोरावर लेखी निभावून नेऊ, हा हिशेब इथे चालत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २ क्रेडिटचे ५० गुणांचे पेपरही आले आहेत आणि स्वायत्त महाविद्यालयं आपली विभागणी आपण ठरवतात. त्यामुळे कॉलेज रोडवरच्या मैत्रिणीचं गणित गंगापूर रोडवरच्या कॉलेजात लागू पडेलच असं नाही. तुमच्या प्रवेशवर्षाला कोणता पॅटर्न आहे ते विभागात विचारा आणि त्याच पॅटर्नचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. जुन्या पॅटर्नच्या प्रश्नपत्रिका गाळलेल्या घटकांसकट सोडवत बसण्यात अनेकांचा महिनाभर जातो.

श्रेणीचं गणितही एकदा समजून घ्या. ओ ला १० गुणांक, ए प्लसला ९, ए ला ८, बी प्लसला ७, बी ला ६, सी ला ५ आणि पी ला ४. प्रत्येक विषयाचा गुणांक त्याच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. ४ क्रेडिटच्या विषयात बी आणि २ क्रेडिटच्या विषयात ए प्लस आला, तर (२४ + १८) भागिले ६, म्हणजे ७. म्हणून अपसामान्य ४ क्रेडिटचा असेल तर त्यातली एक श्रेणी छोट्या पेपरातल्या दोन श्रेणींइतकी वजनदार ठरते. हजेरीचं वेगळं सांगायला नको. ७५ टक्के नसेल तर टर्म ग्रँट होण्यापासून, म्हणजे सत्र मान्य होण्यापासूनच, अडचण सुरू होते.

अंतर्गतचे ३० कसे वाटायचे हे विभाग ठरवतो. बऱ्याच ठिकाणी २० ची लेखी चाचणी आणि १० गुण गृहपाठ, सादरीकरण, केस किंवा भेट-अहवालाला असतात. ही विभागणी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मॅडमना किंवा सरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सबमिशनच्या दिवशी पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) नसलेलं पान, सही न घेतलेलं जर्नल, दुसऱ्याच पेपरचं नाव असलेलं मुखपृष्ठ असल्या गोष्टींनी एक-दोन गुण विनाकारण जातात. दहा गुणांत दोन म्हणजे फार झाले.

आता केस स्टडी. गुण सगळ्यात जास्त इथेच कमावता येतात आणि चुकाही इथेच सगळ्यात गंभीर होतात.

पहिली गोष्ट, शेजारच्या काकू, मामेभाऊ किंवा हॉस्टेलवरची रूममेट यांच्यावर केस लिहू नका. नाव बदललं तरी वर्गातल्या चौघांना कळतं कोण ते. शिवाय पदवीच्या विद्यार्थ्याला कुणाचं निदान करण्याचा अधिकार नाही. शिक्षकांनी दिलेली लिखित केस घ्या. दिली नसेल तर मागा. सांगूनही नसेल मिळत, तर पाठ्यपुस्तकातली केस घ्या आणि ती कुठून घेतली ते लिहा.

समजा केस अशी आहे: वय २१, पदवीचं शेवटचं वर्ष, सिन्नरहून रोज एसटीने ये-जा. तीन आठवडे झाले, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही. रोजचं जेवण निम्म्यावर आलंय. क्रिकेट, मित्र, मोबाइलवरचा गेम, कशातच मन लागत नाही. तास ऐकतो पण डोक्यात काही राहत नाही. 'माझ्यापायी घरच्यांचा पैसा वाया गेला' असं रोज म्हणतो. दोन आठवड्यांपासून कॉलेजला येणं बंद.

बहुतेक जण यावर लिहितात: 'परीक्षेच्या ताणामुळे त्याला डिप्रेशन आलं आहे. त्याला समुपदेशनाची गरज आहे.' दोन वाक्यं, दोन्ही घाईची. त्याऐवजी पानाचे तीन रकाने करा. डावीकडे केसमधलं वाक्य जसंच्या तसं, मधे त्याला लागू होणारा निकष, उजवीकडे 'पूर्ण', 'अपूर्ण' किंवा 'माहिती नाही'. डीएसएम-५ (अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेची निदान-पुस्तिका) नुसार प्रमुख नैराश्य विकाराला नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात, ती एकाच दोन आठवड्यांच्या काळात असावी लागतात, आणि त्या पाचांत उदास मनःस्थिती किंवा रस-आनंद नाहीसा होणं यांपैकी एक असावंच लागतं. आपल्या केसमध्ये झोप, भूक, रस नसणं, एकाग्रता आणि अपराधीपणा अशी पाच मिळतात. रस नसणं हे दोन मुख्यांपैकी एक आहे. काळ तीन आठवडे, म्हणजे पुरेसा. कॉलेज बंद, म्हणजे कार्यक्षमतेवर परिणाम स्पष्ट.

इथे एक बारकावा आहे आणि चांगला परीक्षक तोच शोधत असतो. केसमध्ये फक्त 'क्रिकेट सोडलं' एवढंच असतं तर रस नसण्याचा निकष पूर्ण झाला नसता, कारण त्यासाठी जवळजवळ सगळ्याच गोष्टींतला रस जावा लागतो. मग मोजणी चारवर थांबली असती आणि निदानच बदललं असतं. केस वाचताना प्रत्येक शब्दाला असा प्रश्न विचारायचा असतो: रोज की कधीमधी, एकच गोष्ट की सगळ्याच, कधीपासून?

मग विभेदक निदान, म्हणजे जवळचे विकार एकेक करून बाजूला काढणं. सतत राहणाऱ्या नैराश्य विकाराला प्रौढांत दोन वर्षं लागतात, इथे तीन आठवडे आहेत, म्हणून नाही. समायोजन विकार ताणाच्या घटनेनंतर तीन महिन्यांत सुरू होतो खरा, पण दुसऱ्या विकाराचे निकष पूर्ण होत असतील तर तो द्यायचा नसतो, म्हणून नाही. द्विध्रुवीय विकारासाठी पूर्वी कधी किमान सात दिवसांचा उन्माद किंवा किमान चार दिवसांचा सौम्य उन्माद झाला होता का हे कळायला हवं. केसमध्ये ती माहिती नाही. तसं स्पष्ट लिहा. 'ही माहिती उपलब्ध नाही, निदान पक्कं करण्याआधी विचारावी लागेल' या वाक्याने गुण कापले जात नाहीत, उलट वाढतात. थायरॉइडची तपासणी, व्यसन किंवा चालू औषधं, कुटुंबातला इतिहास आणि आत्महत्येचे विचार, हे चार प्रश्न 'अजून काय विचारावं' या शीर्षकाखाली हमखास यायला हवेत. शेवटचा प्रश्न गाळलेली नैराश्याची केस माझ्या मते अपुरीच. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे.

कारणमीमांसा करताना चार कप्पे ठेवा: आधीपासून धोका वाढवणारे घटक, आत्ता सुरुवात करून देणारे, त्रास चालू ठेवणारे आणि संरक्षण देणारे. आपल्या केसमध्ये तिसरा कप्पा सगळ्यात महत्त्वाचा. कॉलेज टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, अभ्यास साचतो, अपराधीपणा वाढतो आणि दुसऱ्या दिवशी जाणं आणखी अवघड होतं. हे चक्र ओळखून लिहिलं की उपचाराची दिशाही तिथूनच निघते. वर्तन सक्रियीकरण म्हणजे आधी छोटी ठरलेली कामं पुन्हा सुरू करणं, बोधात्मक वर्तन उपचारात अपराधीपणाच्या विचारांची तपासणी, आणि गरज असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडून औषधं. नुसतं 'समुपदेशन करावं' याला गुण नसतात. कोणता उपचार, तो कशावर काम करतो आणि कोण देणार, हे लिहायला हवं. अहवालाच्या शेवटी 'तात्पुरतं निदान' हाच शब्द वापरा. केस दहा गुणांची असेल तर नोंदींना दोन, निकषांना तीन, विभेदक निदानाला दोन, कारणमीमांसा आणि उपचाराला दोन, नीतिनियमांना एक, असा अंदाज धरून पानं वाटून घ्या. पाच ते सहा पानं पुष्कळ होतात.

काही विभागांत केसबरोबर एखादी चाचणी देऊन जर्नल लिहायला सांगतात. पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली मोफत वापरता येते, मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुणांक ० ते २७; ५, १०, १५ आणि २० ला सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र अशा पायऱ्या सुरू होतात. बेकची नैराश्य मापनी २१ विधानांची, ० ते ६३, पण ती प्रताधिकारित आहे. झेरॉक्स करून वर्गात वाटायची नाही, विभागाची प्रत वापरायची. दोन्हीकडे नववा प्रश्न मरणाच्या किंवा आत्महत्येच्या विचारांचा आहे. चाचणी देण्याआधीच ठरवून ठेवा की तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर त्याच दिवशी शिक्षकांना सांगायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, तो संमतिपत्राच्या खालीच छापा. आणि जर्नलमध्ये 'गुणांक १६, म्हणून व्यक्तीला नैराश्य विकार आहे' असं कधीही लिहू नका. 'गुणांक मध्यम-तीव्र पातळीवर आहे, सविस्तर तपासणीची शिफारस' एवढंच. चाळणी चाचणी निदान करत नाही, आणि ही चूक दिसली की जर्नल तपासणाऱ्याला पुढचं वाचायची फारशी गरज उरत नाही.

भेट-अहवाल असेल तर पत्र विभागामार्फतच जाऊ द्या. जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग असो, व्यसनमुक्ती केंद्र असो किंवा येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची सहल असो, फोटो नाही, नाव नाही, रुग्णाचं रसभरित वर्णन नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. अहवालात व्यवस्था लिहा: मनोविकारतज्ज्ञ काय करतात, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ काय करतात, मनोविकृती परिचारिका आणि मनोविकृती समाजकार्यकर्ते यांची कामं कोणती, रुग्ण कुठून येतो आणि नोंदणीपासून पुढच्या तारखेपर्यंत कुठे कुठे जातो. औषध लिहिण्याचा अधिकार डॉक्टरांना असतो, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, हा फरक चुकवू नका.

लेखी पेपरकडे वळू. ७० गुणांना तीन तास असतील तर एका गुणाला साधारण अडीच मिनिटं येतात. पाच गुणांच्या टिपेला बारा, पंधराच्या प्रश्नाला सदतीस-अडतीस मिनिटं. पहिल्या आवडत्या प्रश्नावर तास घालवून शेवटच्या दोन टिपा सोडल्या की दहा गुण तिथेच गेले. प्रत्येक विकाराच्या उत्तराचा क्रम ठरलेला ठेवा: व्याख्या, निकष संख्येसह, कालावधी, जैविक-मानसिक-सामाजिक कारणं, उपचार, आणि जवळच्या एका विकारापासूनचा फरक.

कालावधी तोंडपाठच हवेत, इथे समजून घेण्याचा भाग थोडाच आहे. सामान्यीकृत चिंता विकार सहा महिने, सहापैकी तीन लक्षणं. भीतीचा झटका म्हणजे तेरापैकी चार लक्षणं अचानक उसळणं, पण पॅनिक विकारासाठी झटके पुन्हा पुन्हा आणि अनपेक्षित यावे लागतात, आणि त्यानंतर किमान महिनाभर पुढच्या झटक्याची धास्ती किंवा वागण्यातला बदल लागतो. तीव्र ताण विकार तीन दिवस ते एक महिना, त्यापुढे आघातोत्तर ताण विकार. संक्षिप्त मनोविकृती एक दिवस ते एक महिना, एक ते सहा महिने छिन्नमनस्कतासदृश विकार, सहा महिन्यांपुढे छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया). छिन्नमनस्कतेला पाचपैकी दोन लक्षणं लागतात, त्यात संभ्रम, विभ्रम किंवा विस्कळीत बोलणं यांपैकी एक असावंच लागतं. आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण) मात्र छिन्नमनस्कतेला एकच महिना मागतं. पेपरात कोणत्या वर्गीकरणानुसार लिहिताय ते पहिल्या ओळीत सांगितलं की हा घोळ होत नाही. आपल्या २०१७ च्या कायद्यातही मानसिक आजार ठरवण्याच्या निकषांत जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख आहे, एवढी ओळ वर्गीकरणाच्या प्रश्नात आली की उत्तर उठून दिसतं.

जुन्या मराठी पुस्तकांवर आणि पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्या नोट्सवर विसंबलात तर गुण जाणारच. डीएसएम-५ २०१३ मध्ये आलं आणि निदान पाच अक्षांवर नोंदवण्याची पद्धत गेली. छिन्नमनस्कतेचे संशयी, विस्कळीत वगैरे उपप्रकार गेले. अॅस्पर्जर हे वेगळं निदान स्वमग्नता (ऑटिझम) वर्णपटात गेलं. ओसीडी (नको असलेले विचार आणि त्यापोटी पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती) आणि आघातोत्तर ताण हे दोन्ही चिंता विकारांतून निघून आपापल्या वेगळ्या गटांत गेले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत प्रदीर्घ शोक विकार आला, प्रौढांसाठी बारा महिन्यांच्या अटीसह. नेमलेलं पुस्तक जुनं असेल तर त्यातलं वर्गीकरण लिहा आणि खाली 'सध्याच्या आवृत्तीत बदल असा' म्हणून दोन ओळी जोडा. कोणताही परीक्षक त्याला हरकत घेत नाही.

नेहमी गोंधळ होणाऱ्या जोड्या म्हणजे छिन्नमनस्कता आणि विघटित ओळख विकार (दुभंग व्यक्तिमत्त्व म्हणजे छिन्नमनस्कता नव्हे, हे लिहिणारे अजूनही कमीच), ओसीडी आणि त्याच नावाचा व्यक्तिमत्त्व विकार, द्विध्रुवीय विकाराचे एक आणि दोन हे प्रकार. मराठी पारिभाषिक शब्द पुस्तकागणिक बदलतात, तेव्हा नेमलेल्या पुस्तकातला शब्द धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

'अपसामान्य वर्तन म्हणजे काय' हा प्रश्न सोपा समजून टाळू नका. विचलन, त्रास, कार्यबाधा आणि धोका हे चार निकष सगळेच लिहितात. त्यांच्या मर्यादा उदाहरणाने दाखवणारे मोजके असतात, आणि उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नवरात्रात वणीच्या गडावर एखाद्या बाईच्या अंगात येतं. आवाज बदलतो, ओळख बदलते, नंतर काही आठवत नाही. नुसत्या विचलनाच्या निकषाने हे अपसामान्य ठरेल. पण समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक प्रथेचा भाग असलेल्या अनुभवाला डीएसएम-५ विघटित ओळख विकार म्हणत नाही. तेच जर घरी, नको असताना, पुन्हा पुन्हा होऊ लागलं, स्वयंपाकपाणी, मुलंबाळं, शेतातलं काम सुटू लागलं, तर त्रास आणि कार्यबाधा आली आणि तपासणीची गरज निर्माण झाली. आयसीडी-११ मध्ये अशा नको असलेल्या, त्रासदायक अवस्थेला वेगळं स्थान आहे. पंधरा गुणांच्या प्रश्नात हा एक परिच्छेद आदराने, कुणाच्या श्रद्धेला न दुखावता लिहिलात, तर पाठ केलेल्या व्याख्यांपेक्षा जास्त मिळवून देईल. हाच आदर सगळ्या पेपरभर हवा. 'वेडा', 'सायको' हे शब्द उत्तरपत्रिकेत नकोतच. 'स्किझोफ्रेनिक' न लिहिता 'छिन्नमनस्कता असलेली व्यक्ती' असं लिहा.

गृहपाठ इंग्रजी पानावरून मशीनने भाषांतर करून देणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि तो लगेच ओळखू येतो, कारण तोंडीला 'हे वाक्य तुमच्या शब्दांत सांगा' म्हटलं की गाडी अडते. जे लिहाल त्यातल्या प्रत्येक संज्ञेचं एक उदाहरण स्वतःचं तयार ठेवा. हा विषय शिकताना प्रत्येक प्रकरण स्वतःला लागू होतंय असंही वाटतं. ते बहुतेकांना वाटतं. निकषांतला कालावधी आणि कार्यबाधा या दोन अटी स्वतःलाही लावून पाहा. तरीही झोप, जेवण, कॉलेज खरोखर बिघडलं असेल, तर पेपर बाजूला ठेवून शिक्षकांशी किंवा तज्ज्ञांशी बोला.

आत्ता तुमच्या नऊ गुणांचं काय? चाचणीची उत्तरपत्रिका विभागात बघायला मागा. प्रत्येक उत्तराशेजारी पेन्सिलने चार खुणांची जागा करा: संख्या, काळ, परिणाम, फरक. ज्या खुणा रिकाम्या राहतील तेवढंच पुढच्या महिन्याचं काम. ३० पैकी १२ ला तीन गुण कमी आहेत, ते केसमधूनच निघतात. नीट केलीत तर त्याहून बरेच जास्त. पुढे सत्र परीक्षेच्या निकालात लेखी २८ च्या आत आलं, तर ठरलेल्या मुदतीत आधी छायाप्रतीसाठी अर्ज करा. ती हातात आली की बेरीज आणि न तपासलेलं एखादं उत्तर हे दोन्ही पाहा, आणि मगच पुनर्मूल्यांकनाचं ठरवा.